टेपवरची माय

आमच्या घरात कुठलीही वस्तू मोडली की तिला सूत गुंडाळलं जायचं. बाबांच्या चष्म्याची काडी सुतावर होती, छत्रीची मूठ सुतावर होती, खाटेचा एक पाय सुतावर उभा होता. स्वयंपाकघरातल्या उलथण्याचा दांडा तर वर्षानुवर्षांच्या सुतानं इतका जाड झाला होता की माझ्या मुठीत मावत नसे. कोष्ट्याच्या घरी दुसरं असणार तरी काय? खळ दिलेलं सूत ओलं करून आवळलं की वाळल्यावर ते लोखंडाला ऐकत नाही, यावर बाबांची देवापेक्षा जास्त श्रद्धा होती.

तेव्हा मामांनी दिलेली टेप अडखळायला लागली त्या दिवशी बाबांनी काय केलं असेल, हे खरं तर सांगायला नको. तरी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

मामा भिलाईला नोकरीला होते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःसाठी नवी टेप घेतली आणि जुनी बहिणीला, म्हणजे माझ्या मायला, आणून दिली. काळी, चपटी, पुढे पाच बटणं, वर हँडल. गोळीबार चौकाच्या मागच्या आमच्या गल्लीतली ती पहिली टेप, त्यामुळे आमचा भाव एकदम वाढला. आठ दिवस लोक ती पाहायला येत होते आणि नवव्या दिवशी ती रडायला लागली. आतला रबराचा पट्टा सैल झाला होता. गाणं सुरू व्हायचं, मध्येच लांबायचं, आचके द्यायचं, परत धावायचं. नवा पट्टा आणायला सीताबर्डीच्या बाजारात जावं लागलं असतं. बाबांनी पेचकस घेतला, मागचं झाकण उघडलं, मोटरच्या टोकाला जी इवलीशी पितळी चकती होती तिच्यावर खळीचं सूत घट्ट गुंडाळलं आणि पट्टा परत चढवला. पट्ट्याला पकड आली. टेप चालायला लागली, आणि नुसती चालायला नाही, पळायला लागली.

पळायला लागली हे आम्हांला कळत होतं. आमच्याकडे सिनेमाच्या गाण्यांच्या दोन कॅसेट होत्या आणि त्यांतले गायक कुणीतरी मागे लागल्यासारखे गायचे. समोरच्या घरची काकू मायला म्हणायची, "तुमच्या घरी गाणं लवकर संपते वं, सेल वाचत असतील." माय म्हणायची, "बाजारातल्या कॅसेटी अशाच असते. नकली भरते." बाबा म्हणायचे, अडकत तर नाही ना, मग झालं. घरात जे भरलं जायचं, आमचं बोलणं, भावाच्या नकला, ते मात्र बरोबर ऐकू यायचं. त्यामुळे मशीन खरी आणि बाजार खोटा, असा आमचा निकाल लागला होता.

त्याच मशीनवर एका दुपारी माझ्या मोठ्या भावानं मायला भरून घेतलं. मुद्दाम नव्हे. त्याला कोरी कॅसेट तपासायची होती. त्यानं टेप मागाच्या खोलीत खिडकीत ठेवली आणि बटण दाबलं. बाबा मागावर होते. माय भिंतीला टेकून कांड्या भरत होती, म्हणजे धोट्यात घालायच्या छोट्या नळ्यांवर चरख्यानं सूत चढवत होती. धाकटी, जेमतेम सहा महिन्यांची, झोळीत होती. मी दारात बसून तांदूळ निवडत होते.

कॅसेटवर पहिल्यांदा बाबांचा माग ऐकू येतो. मग माय भुलाबाईचं एक गाणं म्हणायला लागते. दोन कडवी होतात, तिसरं तिला आठवत नाही, ती नुसतीच गुणगुणत राहते. मग भावाला म्हणते, "ते बटन सोड अन् कांडी दे." मग धाकटी रडायला लागते. "आली वं, आली. थांब जरा," माय म्हणते. झोळीची दोरी करकरते. "काहून रडून राहिली? थांब म्हणलं न. आली." आणि भाऊ बटण बंद करतो. सगळं मिळून एक कांडी भरून व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढंच.

त्यानंतर सहा-सात महिन्यांत काविळीनं माय गेली.

मायचा एक फोटो आमच्याकडे आहे, मामांच्या लग्नातला, घोळक्यातला. त्यात ती उन्हामुळे डोळे बारीक करून कुणाकडे तरी रागानं बघते आहे. चेहरा त्यातून राहिला. आवाजासाठी आमच्याजवळ ती कॅसेट होती. सुरुवातीला बाबा ती रोज लावायचे. मागावर बसण्याआधी लावायचे, ऐकून झालं की ती रूमालात गुंडाळून कोनाड्यात ठेवायचे आणि कामाला लागायचे. मी त्या वेळी मुद्दाम स्वयंपाकघरात असायची, कारण "ते बटन सोड" या वाक्याला मला दर वेळी हसू यायचं आणि हसता हसता रडू यायचं, आणि बाबांसमोर दोन्ही नको वाटायचं.

दोन-तीन वर्षं टेपनं साथ दिली. मग एके दिवशी आतून जळका वास आला आणि ती कायमची गप्प झाली. मोटर गेली होती. तोवर भाऊ खापरखेड्याच्या वीज केंद्रात लागला होता आणि तिथल्या वसाहतीत राहत होता. दिवाळीला तो घरी आला तो थेट सीताबर्डीवर गेला. दुकानदारानं जुनी टेप ठेवून घेतली आणि नवी टू-इन-वन दिली. रेडिओ आणि टेप एकातच, चकचकीत, दोन्ही बाजूंना चंदेरी जाळी. जुनीचं तो काय करणार होता देव जाणे. आम्ही तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. नवीन वस्तू घरात येताना माणूस जुनीशी फार वाईट वागतो.

घरी आल्यावर आधी सिनेमाची कॅसेट लावली. गायक आता शहाण्यासारखा, दमानं गात होता. सगळे खूश झाले. मग बाबांनी कोनाड्यातून रूमाल आणला.

माग वाजायला लागला, पण बैलगाडी चढावर चालल्यासारखा. आणि मग एक जाड, लांबट, बाप्यासारखा आवाज भुलाबाईचं गाणं म्हणायला लागला. प्रत्येक शब्द ओढत, प्रत्येक ओळीनंतर दम घेत. "ते… बटन… सोड," तो आवाज म्हणाला. बाबांनी ऐकलं तेवढं ऐकलं.

"बंद कर," ते भावाला म्हणाले. "कोन आहे ही?"

ते अंगणात जाऊन बसले. मी भावाला म्हटलं, तूच काहीतरी बटण चुकीचं दाबलं असशील. तो म्हणाला, बटणं पाचच आहेत, तूच दाबून बघ. मी सगळी दाबली. माय बाप्याच्या आवाजातच गात राहिली.

मग सुरू झाली दुरुस्ती, ती पुढची दोन-तीन वर्षं पुरली. आज कुणाला वाटेल, एवढी साधी गोष्ट यांना कशी सुचली नाही. नाही सुचली. मोटरच्या चकतीवरचं सूत आम्हांला आठवलंच नाही, कारण आमच्या घरात कशाला सूत गुंडाळलेलं नव्हतं? डोक्यावरचे केस कुणी लक्षात ठेवतं का?

पहिला संशय विजेवर गेला. समोरची काकू भावाला म्हणाली, "तूच तं वीज बनवते न गा? मग इकडं बारीक काहून पाठवते?" भावानं तार काढून सहा नवे सेल घातले. काही फरक नाही. मग नवीन मशीन घेऊन आम्ही दुकानात गेलो. दुकानदारानं त्याची स्वतःची कॅसेट लावली, ती छान वाजली. "मशीन एकदम ओके आहे जी," तो म्हणाला, "तुमची कॅसेटच गेली." महाल भागात एक मेकॅनिक होता, त्यानं कॅसेट डोळ्यांसमोर धरली, फीत बोटानं थोडी ओढून पाहिली आणि म्हणाला, "ताणल्या गेली. रबरासारखी झाली ही." तिथून पुढे ताणलेली फीत आखडायचे उपाय सुरू झाले. कुणी म्हणालं थंड जागी ठेवा, म्हणून ती पाण्याच्या माठाजवळ राहिली. कुणी म्हणालं दमट झाली आहे, म्हणून तांदळाच्या डब्यात गेली. भावानं कवच फोडून फीत दुसऱ्या कवचात भरली. मी स्पिरिट आणि कापूस आणून मशीनचं हेड इतक्या वेळा पुसलं की ते आरशासारखं झालं. पेन्सिल घालून पूर्ण फीत पुढे गुंडाळली, परत मागे गुंडाळली. मामा भिलाईहून आले, त्यांनी ऐकलं, आणि डोळे पुसत बाहेर गेले. त्यांना आम्ही चहा दिला.

मला खरं काय छळत होतं ते सांगते. मायचा आवाज मला आठवेनासा झाला होता. तो बाप्याचा आवाज एकदा कानात शिरला आणि त्यानं खरा होता तो ढकलून दिला. मी दळण टिपताना, पुढे कचेरीत नोकरीला लागल्यावर टाइप करताना, डोळे मिटून मनातल्या मनात "ते बटन सोड" म्हणून बघायची. शब्द यायचे, आवाज यायचा नाही. तोपर्यंत मला वाटायचं की माणूस गेलं म्हणजे गेलं, त्याच्यापुढे आणखी जायला काही उरत नाही. उरतं. माय दुसऱ्यांदा जात होती आणि या वेळी मी तिच्या उशाशी बसूनही काही करू शकत नव्हते.

बाबांनी ती कॅसेट परत लावली नाही. पुढे त्यांनी मागही विकला. पॉवरलूम आले, हातमागाच्या लुगड्याला गिऱ्हाईक राहिलं नाही, आणि बाबा कापसाच्या एका जिनिंगमध्ये पहाऱ्यावर लागले. माग काढल्यावर, बाबा ज्यात पाय सोडून पावड्या दाबायचे तो जमिनीतला खड्डा बुजवून वर फरशी घातली. खोली मोठी झाली आणि फार मोकळी वाटायला लागली.

कॅसेट लावत राहिली ती एकटी धाकटी.

तिला मायचं काहीच आठवत नव्हतं. जुन्या टेपवरचं तिनं ऐकलं तेव्हा ती फार लहान होती. नव्या मशीनवर ती चार वर्षांची असल्यापासून ऐकत होती आणि कॅसेट बिघडली आहे हे तिला कितीही सांगितलं तरी तिच्या लेखी त्यात बिघडलेलं काही नव्हतं. सकाळी मी तिची वेणी घालायला बसले की ती आधी बटण दाबून यायची. मला कचेरीची घाई असायची. सीताबर्डीला पोचायचं, त्याआधी स्वयंपाक, बाबांचा डबा, हिची शाळा. "मान सरळ ठेव. हलू नको. किती गुंता केला वं हा," असं माझं चाललेलं असायचं आणि तिकडे तो आवाज सावकाश भुलाबाई गात असायचा. स्वतःच्या रडण्याचा भाग आला की धाकटी खुदकन हसायची, कारण नव्या मशीनवर तिचं रडणं वासराच्या हंबरण्यासारखं यायचं. मग यायचं, "आ…ली वं… आ…ली… थांब… जरा." तिथे ती हसायची थांबायची. माझ्या हातात तिचं डोकं जड व्हायचं. रिबन बांधून झाली तरी ती उठायची नाही, तो आवाज संपून नुसती खरखर उरेपर्यंत बसून राहायची.

मला ते बघवत नसे. तिला मायचं सोंग मिळालं आहे आणि ती त्यालाच माय समजते आहे, याचा मला राग यायचा. तिच्यावर नव्हे, कुणावर ते सांगता येणार नाही. मी ठरवलं होतं की काही झालं तरी हिला एकदा खरी माय ऐकवायची. माझ्यासाठी हवी होती, बाबांसाठी हवी होती, पण सगळ्यांत जास्त हिच्यासाठी. आम्ही तरी मायजवळ राहिलो होतो. हिच्या वाट्याला जे काही होतं ते त्या कॅसेटमध्ये होतं.

धाकटी आठवीत असताना मी काकांकडे उमरेडला गेले होते, चुलत बहिणीच्या साखरपुड्याला. काकांनी हातमाग सोडला नव्हता. दुपारी जेवणं झाल्यावर पाहुणे आडवे झाले आणि काकांना स्वस्थ बसवेना, ते आतल्या खोलीत मागावर जाऊन बसले. मी काकूबरोबर बाहेर चहा घेत होते. आत माग सुरू झाला. खटाक-खट, खटाक-खट. किती वर्षांनी ऐकत होते. माझा उजवा हात आपोआप हलायला लागला, चरखा फिरवल्यासारखा. लहानपणी मायशेजारी बसून मी त्याच चालीवर कांड्या भरल्या होत्या. हात हलत होता आणि मला वाटायला लागलं, काहीतरी चुकतं आहे. आमच्या कॅसेटवरचा माग असा नाही. तो अर्ध्या झोपेतला आहे. त्या चालीनं बाबांनी विणलं असतं तर एक लुगडं व्हायला महिना लागला असता आणि आम्ही उपाशी मेलो असतो.

बाबा कधीच इतक्या सावकाश विणत नव्हते. आणि सिनेमाची गाणी नव्या मशीनवर नीट वाजतात, म्हणजे नवी मशीन खरी. मग खोटी कोणती? जी पळत होती ती. पळत्या मशीनवर भरलं आणि चालत्या मशीनवर वाजवलं. फीत ताणली गेली नव्हती, ओली झाली नव्हती, तिला काहीएक झालं नव्हतं. ती बिचारी इतकी वर्षं तांदळात उगाच बसली होती.

मला इतकं हसू आलं की चहा पदरावर सांडला. "काहून हासून राहिली वं?" काकूनं विचारलं. मी म्हटलं, "काकू, आमची माय पळून राहिली होती अन् आम्ही तिले चालवून राहिलो." काकूला वाटलं मला ऊन लागलं. तिनं कांदा आणून हातात दिला.

दुसऱ्या दिवशी घरी पोचले तेव्हा बाबा अंगणात दाढी करत होते. मी पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारलं, "बाबा, मामांच्या टेपले पकड नव्हती, तवा तुम्ही काय केलं होतं?"

"काय करतो? सूत गुंडाळलं."

"किती?"

"पकड येईतोवर," ते म्हणाले. मग त्यांचा वस्तरा गालावरच थांबला. अर्धी दाढी तशीच ठेवून ते आत गेले आणि मशीन उचलून बाहेर घेऊन आले.

मी त्यांना थांबवलं. रविवारी भाऊ येणार होता, त्याच्या हाताला त्यातलं थोडं कळत होतं. ते चार दिवस बाबा कसे वागले ते काय सांगू. जिनिंगमधून लवकर यायचे. मशीनच्या मागच्या स्क्रूंकडे बघत बसायचे. एकदा मला म्हणाले, "माह्याच हातानं झालं न हे." मी म्हटलं, "तुमच्या हातानं झालं म्हणून तं दुरुस्त होईल. दुसऱ्याच्या हातानं झालं असतं तं आपल्याले कळलंच नसतं." ते हसले. त्यांना हसताना बघून बरं वाटलं.

रविवारी दुपारी भावानं झाकण उघडलं. नव्या मशीनच्या पोटातही तसाच पट्टा होता आणि मोटरच्या टोकाला तशीच चकती. प्रश्न सुताचा आला. घरात माग नाही तर सूत कुठलं? बाबा उठले, त्यांनी ट्रंकेच्या तळातून पांढऱ्या सुताची एक लडी काढली. माग विकला तेव्हा उरलंसुरलं सूतही देऊन टाकलं असं त्यांनी आम्हांला सांगितलं होतं.

मी भाताची पेज करून दिली, तिच्यात बाबांनी सूत बुडवलं, चिमटीत निथळलं आणि त्या चकतीवर वेढे द्यायला लागले. त्यांची बोटं तेव्हा थरथरायची, पण सूत हातात आल्यावर थरथरली नाहीत. पहिल्यांदा लावलं तेव्हा माय अजून जाडच होती, पण बाई वाटायला लागली. बाबांनी आणखी सूत चढवलं. आता ती चिमणीसारखी चिवचिवायला लागली, आणि भाऊ आणि मी पोट धरून हसलो. बाबा हसले नाहीत. त्यांनी थोडं सूत उलगडलं, परत पट्टा चढवला. मायकडे त्यांचं लक्षच नव्हतं, ते माग ऐकत होते. असं किती वेळा झालं कुणास ठाऊक. धाकटी उंबरठ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि बघत होती.

मग एका खेपेला बाबांचे पाय हलायला लागले. बुजवलेल्या खड्ड्याच्या वरच ते बसले होते, आणि त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला, मग डावा, मग उजवा, टेपवरच्या मागाबरोबर, बरोबर त्याच चालीवर. भावानं माझ्याकडे पाहिलं. आणि माय गायला लागली.

मी काय सांगू? ती माझी माय होती. पातळ, जरा नाकातला, धारदार आवाज. गाणं ती घाईघाईनं म्हणत होती, कारण हातातला चरखा घाईत होता. तिसरं कडवं विसरली तेव्हा स्वतःवरच चिडल्याचं ऐकू आलं, ते मी पार विसरून गेले होते. "ते बटन सोड अन् कांडी दे," ती म्हणाली, एका दमात, टोचून, आणि माझा मोठा भाऊ, दोन लेकरांचा बाप, त्यानं खरोखरच मशीनवरचा हात मागे घेतला. बाबा मोठ्यानं हसले आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मी भिंतीला टेकून उभी होते. आली, ती परत आली, असंच मी मनात म्हणत होते.

धाकटी रडायला लागली, म्हणजे टेपवरची. आता ते साध्या लेकराचं रडणं होतं. "आली वं, आली. थांब जरा," माय म्हणाली. झोळीची दोरी करकरली. "काहून रडून राहिली? थांब म्हणलं न. आली." आणि बटण बंद.

उंबरठ्यावरच्या धाकटीनं आपले पाय आणखी आत ओढून घेतले होते.

बाबांनी ती कॅसेट तीनदा ऐकली. मग भाऊ त्यांना चौकात घेऊन गेला, त्या दिवशी त्यांना कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवलं नसतं. घरात आम्ही दोघी उरलो. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"ऐकली का वं माय?"

"हो."

"कशी वाटली?"

"चांगली आहे," ती म्हणाली. पाहुण्यांबद्दल बोलावं तसं म्हणाली. मग माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ताई, आता माही माय लाव न."

"हीच तं तुही माय आहे. आतापर्यंत लागत होती ते चुकीचं होतं."

"नाही," ती म्हणाली. ती रागावली नव्हती, हट्टही करत नव्हती. एखादं भांडं चुकीच्या फळीवर ठेवलं आहे, एवढंच सांगावं तशी म्हणाली, "ही तं तूच आहे, ताई. तू रोजच आहे न. मले माही माय लाव."

मी काहीही बोलले असते तरी ते मायच्या त्याच धारदार आवाजात बोलले असते.

पेचकस तिथंच पडला होता. मी झाकण काढलं, पट्टा बाजूला सारला आणि नखानं सुताचं टोक शोधलं. पेज वाळून सूत कडक झालं होतं, सुटायला वेळ लागला. ते मी सगळं उलगडलं, एक वेढाही ठेवला नाही. मग फीत मागे नेली आणि बटण दाबलं.

ती जाड, सावकाश बाई गायला लागली. धाकटी माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. वासरू हंबरलं तेव्हा ती हसली नाही, वाट बघत राहिली. "आ…ली वं… आ…ली," ती बाई म्हणाली, "थांब… जरा." जिला कसलीच घाई नव्हती, जिला कुठल्याही कचेरीत पोचायचं नव्हतं, अशी ती बाई. धाकटीनं डोळे मिटले. मी तिच्या केसांना हात लावला आणि या वेळी गुंता दिसला तरी काही बोलले नाही.